सिकलसेल उत्परिवर्तन

रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीच्या जनुकात एका अक्षराचा (डीएनएची अक्षरे चार: ए, टी, जी, सी) जो आनुवंशिक बदल होतो, त्याला सिकलसेल उत्परिवर्तन म्हणतात. डीएनएमधला फरक प्रथिनापर्यंत आणि तिथून पेशीच्या कामापर्यंत कसा पोहोचतो, हे दाखवणारे इतके स्पष्ट उदाहरण जीवशास्त्रात क्वचितच सापडते.

हे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. त्याची संदेशवाहक आरएनएच्या रूपात प्रत निघते, पेशीत प्रथिने जोडणारा रायबोसोम ती तीन-तीन अक्षरांनी वाचतो आणि १४६ अमिनो आम्लांची साखळी जोडतो. सहाव्या जागेसाठी डीएनएत जीएजी हे त्रिक असते व तिथे ग्लुटामिक आम्ल बसते. मधल्या ए च्या जागी टी आला की त्रिक जीटीजी होते आणि तिथे व्हॅलिन येते. बाकीची १४५ अमिनो आम्ले होती तशीच राहतात.

बदल कोणत्या अक्षरात झाला, यावर पुढचे सारे ठरते. याच त्रिकाचे जीएए झाले, तर ग्लुटामिक आम्लच बसते आणि प्रथिनात काहीही फरक पडत नाही. एएजी झाले, तर लायसिन येऊन हिमोग्लोबिन-सी तयार होते. त्याचा त्रास बराच सौम्य असतो. टीएजी झाले, तर तो थांबण्याचा संकेत ठरतो आणि साखळी पाच अमिनो आम्लांवरच संपते. मधला ए गळून गेला, तर पुढची सगळी त्रिके सरकतात व कामाची साखळी बनतच नाही. भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशांत बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तक्षयामागे हेही एक कारण आढळते. उत्परिवर्तन म्हणजे आजारच, ही समजूत म्हणूनच सोडायला हवी.

ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, ते पाण्यात रमते. व्हॅलिन पाणी टाळते. ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनमध्ये हे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत अडकते. रेणूला रेणू जडत जाऊन लांब, ताठ तंतू बनतात आणि लवचिक, गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. त्यातून असह्य वेदना होतात व अवयवांची हानी होते. साधारण १२० दिवस जगणारी पेशी इथे दहा-वीस दिवसांतच फुटते, म्हणून रक्तक्षय होतो. थंडी, ताप आणि शरीरातले पाणी कमी होणे यांनी वेदनांचा झटका ओढवतो.

शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये अशा पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखवले, तर केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५० च्या दशकात तो एका अमिनो आम्लापर्यंत नेऊन ठेवला.

जनुकाची एकच प्रत बदललेली असेल, तर ती व्यक्ती वाहक (एएस; ए म्हणजे नेहमीची प्रत, एस म्हणजे सिकलसेलची) असते व सहसा निरोगी जगते. वाहकांना तीव्र मलेरियापासून संरक्षण मिळते; मलेरियाच्या पट्ट्यात हे उत्परिवर्तन टिकून राहिले ते त्यामुळेच. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, गोंदिया, भंडारा आणि नंदुरबार या जिल्ह्यांत त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजाराची (एसएस) शक्यता २५ टक्के असते. यात आईचा किंवा सुनेचा दोष काढणे निव्वळ अन्याय आहे, कारण बाधित मुलाला एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली असते. लग्नापूर्वीच्या रक्ततपासणीचे मोल यातूनच कळते.

हायड्रॉक्सियुरिया या औषधाने गर्भावस्थेतील, म्हणजे बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात असणाऱ्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढते. त्या हिमोग्लोबिनमुळे तंतू जुळण्यात अडथळा येतो. २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळालेला क्रिस्पर (डीएनए ठरावीक जागी कापून बदलण्याचे तंत्र) उपचारही हाच मार्ग धरतो. त्यात जीटीजी हे त्रिक दुरुस्त होत नाही, तर गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन दाबून ठेवणाऱ्या बीसीएल११ए या जनुकाचे रक्तनिर्मितीच्या पेशींतील काम कमी केले जाते.