नेहरू, ब्रजकुमार

नेहरू, ब्रजकुमार : (४ सप्टेंबर १९०९ – ३१ ऑक्टोबर २००१). भारतीय सनदी अधिकारी, अमेरिकेतील राजदूत, ब्रिटनमधील उच्चायुक्त आणि एकूण सात राज्यांचे राज्यपाल. बी. के. नेहरू या नावाने परिचित. जन्म अलाहाबाद येथे. वडील ब्रिजलाल हे मोतीलाल नेहरूंचे थोरले बंधू नंदलाल यांचे पुत्र. त्यामुळे ब्रजकुमार जवाहरलालांचे चुलतपुतणे आणि इंदिरा गांधींचे चुलत-चुलतभाऊ लागत. त्यांच्या नेमणुकांची चर्चा या नात्याभोवती फार झाली. १९८४ मध्ये मात्र काश्मीरमधून झालेल्या त्यांच्या बदलीच्या आड हे नाते आले नाही. आई रामेश्वरी नेहरू यांनी १९०९ मध्ये ‘स्त्रीदर्पण’ हे हिंदी मासिक सुरू केले.

शिक्षण अलाहाबाद विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ऑक्सफर्डचे बेलियल कॉलेज येथे. १९३४ मध्ये ते इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये (आयसीएस) दाखल झाले आणि पंजाबात रुजू झाले. १९३५ मध्ये मागडोल्ना फ्रीडमन या बुडापेस्टच्या ज्यू तरुणीशी त्यांचा विवाह झाला. लग्नानंतर त्यांचे नाव शोभा झाले, तरी सगळे त्यांना फोरी म्हणत. फाळणीनंतर दिल्लीत आलेल्या निर्वासित स्त्रियांना हस्तकलेतून रोजगार मिळवून देण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता.

ब्रजकुमार यांना सर्रास ‘मुत्सद्दी’ म्हटले जाते, पण ते परराष्ट्र सेवेतले अधिकारी नव्हते. ते अर्थखात्यात घडले. १९४७ ते १९४९ या काळात ब्रिटनकडे अडकलेल्या स्टर्लिंग शिलकेच्या (भारताच्या पौंडांतील ठेवींच्या) वाटाघाटींत ते होते. १९४९ पासून ते जागतिक बँकेत भारताचे कार्यकारी संचालक होते, नंतर अर्थ मंत्रालयात आर्थिक व्यवहार विभागाचे सचिव झाले. त्यांचा राजनय समजून घ्यायचा तर आधी हिशेबाची वही उघडावी लागते.

ती वही १९५७-५८ मध्ये तुटीची होती. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतील यंत्रसामग्रीच्या आयातीने स्टर्लिंग शिल्लक झपाट्याने संपत आली आणि आधी दिलेल्या मागण्यांचे पैसे चुकते करायला परकीय चलन पुरेना. १९५८ मध्ये त्यांना ‘कमिशनर जनरल फॉर इकॉनॉमिक अफेअर्स’ असे खास पद निर्माण करून वॉशिंग्टनला पाठवण्यात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी, कॅनडा आणि जपान यांची बैठक भरली. हाच पुढे ‘एड इंडिया कन्सॉर्शियम’ म्हणून ओळखला गेलेला मदत देणाऱ्या देशांचा गट. त्याची रीत साधी होती. भारताने वर्षाची परकीय चलनाची तूट मांडायची, बँकेने ती तपासून आकडा पुढे करायचा, मग प्रत्येक देशाने आपला हिस्सा जाहीर करायचा. एकाने आकडा वाढवला की दुसऱ्याला मागे राहणे अवघड जाई, आणि या चुरशीतच भारताचा फायदा होता. तिसऱ्या योजनेच्या पहिल्या दोन वर्षांसाठी १९६१ च्या बैठकीत सुमारे सव्वादोन अब्ज डॉलरची आश्वासने मिळाली.

आश्वासन आणि हातात पडलेला पैसा यांत मात्र अंतर राही. बरीचशी मदत एखाद्या ठरावीक प्रकल्पाला आणि देणाऱ्याच देशातून करायच्या खरेदीला बांधलेली असे. धरणाच्या टर्बाइनसाठी कर्ज मिळे, पण आधीच उभ्या असलेल्या कारखान्याला सुटे भाग किंवा तांबे आणायला ते वापरता येत नसे. परिणामी एकीकडे कर्ज न उचलता पडून राही आणि दुसरीकडे यंत्रे थांबत. प्रकल्पाशी न बांधलेली मदत मिळवणे हा म्हणूनच त्या वर्षांतल्या भारतीय मागणीचा गाभा होता.

धान्याचे गणित वेगळे होते. पीएल ४८० या अमेरिकी कायद्याखाली गहू डॉलरऐवजी रुपयांत मिळे. ते रुपये भारतातच अमेरिकेच्या खात्यावर जमा होत आणि त्यांतला मोठा भाग भारत सरकारला कर्ज म्हणून परत दिला जाई. मे १९६० मध्ये अन्नमंत्री स. का. पाटील यांनी वॉशिंग्टनला जाऊन १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदळाचा चार वर्षांचा करार केला, तेव्हा ब्रजकुमार तिथेच कमिशनर जनरल होते. चलनाचा प्रश्न सुटला, पण लगाम देणाऱ्याच्या हाती गेला. १९६५-६६ च्या दुष्काळात अध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचे करार थांबवून महिन्या-दोन महिन्यांपुरताच गहू सोडण्याचे धोरण धरले, आणि गोदीत जहाज कधी लागते याकडे दिल्लीचे डोळे लागून राहू लागले. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला रेशनवरची लाल मिलो (ज्वारीचा एक प्रकार) आठवते. तिचा माग घेत गेले तर तोही अमेरिकी धान्याच्या याच व्यवहारापाशी पोचतो.

१९६१ मध्ये ब्रजकुमार एम. सी. छागला यांच्या जागी अमेरिकेतील राजदूत झाले. थोड्याच महिन्यांत, डिसेंबरात, भारतीय सैन्य गोव्यात शिरले. अहिंसेचा उपदेश करणाऱ्या देशाने बळ वापरले हा अमेरिकेतला सूर, आणि पोर्तुगाल हा ‘नाटो’तला त्यांचा मित्र. गोवा ही वसाहत होती आणि चौदा वर्षे बोलणी करूनही पोर्तुगालने दाद दिली नव्हती, ही बाजू राजदूताला रोज मांडावी लागली. गोवा मुक्त झाला, पण त्याचा राग मदतीच्या चर्चेत निघाला. १९६२ मध्ये सिनेटच्या समितीत भारताच्या मदतीत चतुर्थांश कपात करण्याचा प्रस्ताव आला. राष्ट्राध्यक्ष अनुकूल असले तरी पैशाच्या किल्ल्या अमेरिकी काँग्रेसकडे (संसदेकडे) असतात, हा धडा बोकारोच्या वेळी पुन्हा गिरवावा लागला. सार्वजनिक क्षेत्रातील या पोलाद कारखान्याला पैसा देण्याची केनेडींची तयारी होती. प्रतिनिधिगृहाने आडकाठी केल्यावर १९६३ मध्ये भारतानेच विनंती मागे घेतली, आणि कारखाना पुढे सोव्हिएत मदतीने उभा राहिला.

त्यांच्या राजदूतपदातला सर्वांत कठीण दिवस १९ नोव्हेंबर १९६२ हा. चीनशी चाललेल्या युद्धात बोमदिला पडल्यानंतर जवाहरलाल नेहरूंनी एकाच दिवशी केनेडींना दोन पत्रे पाठवली. दुसऱ्या पत्रात सर्व हवामानांत उडू शकणाऱ्या स्वनातीत लढाऊ विमानांच्या किमान १२ स्क्वॉड्रन आणि रडार यंत्रणा मागितली होती. भारतीय वैमानिक तयार होईपर्यंत ती अमेरिकी माणसांनीच चालवावी, असेही म्हटले होते. अलिप्ततेच्या धोरणाला इतके छेद देणारे दुसरे सरकारी कागद सापडणे कठीण. राजदूताने ती व्हाइट हाउसला पोचवली आणि आपली प्रत दूतावासाच्या फायलीत न ठेवता स्वतःच्या टेबलाच्या खणात कुलूपबंद केली. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली आणि मागणी जागच्या जागी राहिली.

जून १९६६ मध्ये डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला. अवमूल्यनाच्या बदल्यात प्रकल्पाशी न बांधलेली मदत वर्षाला ९० कोटी डॉलरच्या आसपास येईल अशी अपेक्षा होती. पहिल्या वर्षानंतर ती आटली. लागोपाठ दुसऱ्या दुष्काळामुळे निर्यातही वाढली नाही. राजकीय किंमत दिल्लीने मोजली.

वॉशिंग्टनहून राजभवनात जाण्याची वाट त्या काळी चांगलीच मळलेली होती. नेहरूंनंतरचे राजदूत अली यावर जंग १९७१ मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल झाले, त्यांच्यानंतरचे ल. कृ. झा १९७३ मध्ये जम्मू-काश्मीरचे. खुद्द छागला यांनी राजदूत होण्याआधी, १९५६ अखेरीस, मुंबईचे हंगामी राज्यपालपद सांभाळले होते.

१९६८ मध्ये नेहरू आसाम आणि नागालँडचे राज्यपाल म्हणून शिलाँगला आले. राज्यपाल म्हणजे मानाचे पान, ही समजूत इथे लागू पडत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३७१ अ नुसार नागालँडच्या कायदा-सुव्यवस्थेची खास जबाबदारी राज्यपालावर होती, आणि त्या बाबतीत अंतिम निर्णय त्यांचा स्वतःचा असे. आसामच्या डोंगरी जिल्ह्यांत सहाव्या अनुसूचीखालची स्वायत्त मंडळे होती. ईशान्य सीमा क्षेत्राचा (नेफा) कारभार ते राष्ट्रपतींचे प्रतिनिधी म्हणून थेट पाहत. एकाच टेबलावर येणाऱ्या फायलींपैकी कोणत्या मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने निकालात काढायच्या, कोणत्या स्वविवेकाने आणि कोणत्या दिल्लीच्या सूचनेने, हे आधी ठरवावे लागे. त्यात गल्लत झाली तर मुख्यमंत्र्यांशी खटका ठरलेला.

२ एप्रिल १९७० रोजी मेघालय आसामांतर्गत स्वायत्त राज्य झाले. २१ जानेवारी १९७२ रोजी ते पूर्ण राज्य बनले आणि त्याच दिवशी मणिपूर व त्रिपुरा यांनाही राज्याचा दर्जा मिळाला. त्या दिवसापासून सप्टेंबर १९७३ पर्यंत नेहरू पाच राज्यांचे राज्यपाल होते. असे करता येते ते १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीमुळे. राज्यपालाचे तेव्हाचे ५,५०० रुपये मासिक वेतन एकच मिळे आणि त्याचा भार राष्ट्रपती ठरवतील त्या प्रमाणात राज्यांत वाटला जाई. अडचण पैशाची नव्हतीच. पाच मंत्रिमंडळे, पाच विधानसभांची अभिभाषणे आणि पावसाळ्यात दरडींनी बंद पडणारे रस्ते, अशी ती होती. शिलाँग तर मेघालयाच्या हद्दीत गेले आणि आसामला आपली राजधानी दिसपूरला हलवावी लागली.

रेल्वे, वीज, नद्यांचे पूर आणि बंडखोरांचे मार्ग नव्या सीमा मानत नव्हते. यातून ईशान्य परिषदेची कल्पना पुढे आली आणि तिच्या जडणघडणीत नेहरूंचा सहभाग महत्त्वाचा होता. १९७१ च्या कायद्याने ती स्थापन झाली, नोव्हेंबर १९७२ मध्ये शिलाँगला कार्यान्वित झाली आणि समाईक राज्यपाल तिचा दुवा ठरला. मात्र कायद्याने तिला फक्त सल्ला देण्याचा अधिकार दिला. पाच राज्ये सहमत झाली तरच काम हले, आणि ती सहमत होणे दुर्मीळ. नागालँडमध्ये ऑगस्ट १९७२ मध्ये मुख्यमंत्री होकिशे सेमा यांच्यावर हल्ला झाल्यानंतर नागा बंडखोरांशी १९६४ पासून असलेली युद्धबंदी पुढे वाढवली गेली नाही.

१९७३ ते १९७७ ते लंडनमध्ये उच्चायुक्त होते. आणीबाणीचे समर्थन करण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले आणि ते त्यांनी केले. त्याबद्दल त्यांच्यावर होणारी टीका रास्तच आहे. ब्रिटिश धर्तीची संसदीय पद्धत भारताला मानवत नाही आणि अध्यक्षीय पद्धत बरी, असे त्यांचे मत होते व ते त्यांनी पुढेही लपवले नाही.

फेब्रुवारी १९८१ मध्ये ते जम्मू-काश्मीरचे राज्यपाल झाले. त्या राज्याचे स्वतःचे संविधान होते आणि त्यामुळे राज्यपालाच्या अधिकारांची मांडणीही वेगळी. इतर राज्यांत राज्यपाल एखादे विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतो, तिथे तशी सोय नव्हती. त्याची कसोटी १९८२ मध्ये लागली. १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात गेलेल्या कायम रहिवाशांना व त्यांच्या वंशजांना परतण्याचा परवाना देणारे पुनर्वसन विधेयक विधिमंडळाने मंजूर केले. नेहरूंनी ते फेरविचारासाठी परत पाठवले. ऑक्टोबरात विधिमंडळाने ते पुन्हा मंजूर केले आणि मग सही करण्यावाचून पर्याय नव्हता. त्यांनी सही केली. केंद्राने अनुच्छेद १४३ खाली सर्वोच्च न्यायालयाचे मत मागितले. न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये उत्तर न देताच तो प्रश्न परत पाठवला.

दरम्यान ८ सप्टेंबर १९८२ रोजी मुख्यमंत्री शेख अब्दुल्ला वारले आणि त्याच दिवशी फारूख अब्दुल्ला यांचा शपथविधी झाला. जून १९८३ च्या निवडणुकीत फारूख यांना बहुमत मिळाले. काँग्रेसशी त्यांचे वैर मात्र विकोपाला गेले. फारूख यांच्या पक्षातले काही आमदार फोडून सरकार पाडण्याची तयारी सुरू झाली आणि त्यासाठी राज्यपालाची साथ हवी होती. नेहरूंची भूमिका अशी, की बहुमत आहे की नाही हे विधानसभेच्या सभागृहातच ठरेल. राजभवनात आणलेल्या सह्यांच्या कागदाने ते ठरत नाही. सह्यांच्या यादीतली खोट उघड असते. तेच नाव दोन्ही याद्यांत निघते, सही दबावाखाली झाली की मंत्रिपदाच्या आशेने हे कळत नाही, आणि संध्याकाळी माणूस फिरला तर कागद फिरत नाही.

राज्यपाल राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच पदावर असतो. पाच वर्षांची मुदत ही संरक्षण नव्हे. एप्रिल १९८४ मध्ये नेहरूंची गुजरातला बदली झाली आणि श्रीनगरला जगमोहन आले. २ जुलैला १२ आमदार आणि एका अपक्षाने पाठिंबा काढल्याचे पत्र राजभवनात पोचले. फारूख यांनी विधानसभेत बहुमत अजमावू द्यावे किंवा निवडणूक घ्यावी असे म्हटले. दोन्ही नाकारून त्याच दिवशी फुटलेल्या गटाचे नेते गुलाम मोहम्मद शाह यांना मुख्यमंत्रिपदाची शपथ देण्यात आली. फुटलेल्यांना मंत्रिपदे मिळाली. पक्षांतरबंदीची केंद्रीय घटनादुरुस्ती आली १९८५ मध्ये, आणि बहुमताची जागा सभागृह हीच, हे सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले १९९४ मध्ये, बोम्मई खटल्यात.

गुजरातचा कार्यकाळ (१९८४–८६) राखीव जागांविरोधी आंदोलनाने व्यापला. मागासवर्गीयांचा हिस्सा १० वरून २८ टक्के करण्याची घोषणा १९८५ च्या सुरुवातीला झाली. मार्चमध्ये १८२ पैकी १४९ जागा जिंकणारे माधवसिंह सोळंकी जुलैत पायउतार झाले. अहमदाबादमध्ये लष्कर बोलवावे लागले, पण निर्णय सरकारचे होते आणि राज्यपालाला वाव थोडा होता.

फेब्रुवारी १९८६ मध्ये निवृत्त होऊन ते हिमाचल प्रदेशातील कसौली येथे राहू लागले. ‘नाइस गाइज फिनिश सेकंड’ हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र १९९७ मध्ये निघाले. काश्मीरच्या बदलीची हकीकत त्यांच्या बाजूने तिथे वाचायला मिळते, आणि ती वाचताना लेखक स्वतः या प्रकरणात पक्षकार होता हे ध्यानात ठेवावे. १९९९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. २००१ मध्ये कसौलीत त्यांचे निधन झाले. फोरी नेहरू २०१७ पर्यंत, वयाच्या १०८ व्या वर्षापर्यंत, हयात होत्या.