बायनरी वाचणारी आणि यूआरएल फोडणारी टूल्स: मतभेद आले कुठून?

यूआरएल (वेबचा पत्ता) तपासून मग उघडायची असेल, तर ती बहुतेक प्रोग्राममध्ये दोनदा वाचली जाते. आधी तपासणारा कोड वाचतो, मग जोडणी करणारी लायब्ररी. बायनरीचेही, म्हणजे थेट चालणाऱ्या प्रोग्राम-फाइलचेही, तेच: विश्लेषणाचे टूल एका बाजूने वाचते, कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) लोडर, म्हणजे फाइल मेमरीत चढवणारा भाग, दुसऱ्या बाजूने. दोघांचे वाचन जुळले नाही की हल्ला करणाऱ्याला वाट सापडते. म्हणून या टूल्सची तुलना करताना मी सुविधांची यादी मागे ठेवतो आणि पहिल्यांदा विचारतो: हे टूल नेमके कोणासारखे वाचते?

यूआरएलचे व्याकरण डिसेंबर १९९४ मध्ये आरएफसी १७३८ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) बांधले. जानेवारी २००५ च्या आरएफसी ३९८६ने ते नव्याने लिहिले. त्याच्या परिशिष्टात एक रेग्युलर एक्स्प्रेशन (अक्षरमाळेचा साचा) आहे. ते पत्त्याचे पाच तुकडे करते: स्कीम, ऑथॉरिटी, पाथ, क्वेरी, फ्रॅगमेंट. पण ते कोणतीही अक्षरमाळ स्वीकारते, नाकारत काहीच नाही. ते फोडण्यासाठी दिले होते. अनेकांनी तपासणीसाठी वापरले, आणि घोळ तिथे झाला.

ब्राउझर तोवर मोडकेतोडके पत्तेही चालवून घेत होते. २०१२ पासून व्हॉटडब्ल्यूजी या वेब मानके ठरवणाऱ्या गटाने, ॲन व्हान केस्टरेन यांच्या संपादनाखाली, ब्राउझर प्रत्यक्षात करतात तेच लिहून काढले: मधले टॅब आणि नव्या ओळीची चिन्हे गाळायची, एचटीटीपीसारख्या स्कीममध्ये बॅकस्लॅश म्हणजे स्लॅश समजायचा. आता ‘एचटीटीपी://अ\@ब’ हा पत्ता घ्या. आरएफसीच्या एक्स्प्रेशनने फोडला तर ऑथॉरिटी ‘अ\@ब’ निघते; ती @ वर तोडली की ‘अ\’ हे वापरकर्त्याचे नाव ठरते आणि होस्ट (जोडायचे यंत्र) ‘ब’. ब्राउझरच्या नियमाने होस्ट ‘अ’. तपासणी एका पद्धतीने आणि जोडणी दुसरीने झाली, तर परवानगी ‘ब’ला मिळते आणि विनंती ‘अ’कडे जाते. सुरक्षा संशोधक ऑरेंज त्साई यांनी २०१७ च्या ब्लॅक हॅट या सायबर सुरक्षा परिषदेत अशाच फरकांवर उभे राहिलेले हल्ले सविस्तर दाखवले.

आकड्यांचाही असाच घोटाळा. ०१७७.०.०.१ या अंकी (आयपी) पत्त्यातला पहिला आकडा ब्राउझर अष्टमान (आठच्या पायावरचा) धरतो, म्हणजे पत्ता १२७.०.०.१, आपलेच यंत्र. पायथनचे आयपी-ॲड्रेस मॉड्यूल ३.८.० पासून ३.९.४ पर्यंत पुढचे शून्य सोडून १७७.०.०.१ वाचत असे. ३.९.५ पासून ते असा पत्ता नाकारते, आणि माझ्या मते नाकारणे हेच योग्य. पायथनच्याच यूआरएल-पार्सला सुरुवातीची मोकळी जागा ३.११.३ पर्यंत अडवत होती: स्कीम रिकामी यायची आणि बंदीची यादी सहज चुकवता यायची.

पत्त्यावरून डेटा आणणाऱ्या कर्ल या टूलने वेगळी वाट धरली. ऑक्टोबर २०१८ मध्ये, ७.६२.० आवृत्तीत, त्याच्या लिबकर्ल या लायब्ररीने स्वतःचा पार्सर (पत्ता फोडणारा कोड) इतर प्रोग्रामना खुला केला. २०२३ मध्ये त्याच पार्सरवर ट्रर्ल हे कमांड-लाइन टूल आले. जोडणी कर्लने होणार असेल तर पत्ता फोडणेही त्याच पार्सरने करा. ते शक्य नसेल तर तपासलेल्या तुकड्यांतून पत्ता पुन्हा बांधा आणि तोच पुढे द्या. मूळ अक्षरमाळ नको.

बायनरीच्या बाजूला ईएलएफ फाइलमध्ये (लिनक्सवरच्या प्रोग्राम-फाइलचा प्रकार) दोन नकाशे असतात. प्रोग्राम हेडर, म्हणजे मेमरीत चढवायच्या तुकड्यांचा (सेगमेंटचा) नकाशा, लोडरसाठी, सेक्शन हेडर लिंकर आणि डीबगरसाठी. चालवताना कर्नल फक्त पहिला बघतो. ६४-बिट फाइलचे मुख्य हेडर ६४ बाइटचे. त्यातले ४०व्या ऑफसेटपासूनचे ८ बाइट सेक्शन हेडर कुठे आहेत ते सांगतात. हे आणि सेक्शनची संख्या शून्य केली तरी प्रोग्राम चालतो. ऑब्जडंप हे विश्लेषणाचे टूल मात्र सेक्शनच्या आधाराने असेंब्ली दाखवत असल्याने हात टेकतो. रीडईएलएफ या टूलने प्रोग्राम हेडर तरीही दिसतात. ते मुद्दामच बीएफडी या बायनरी वाचणाऱ्या सामायिक लायब्ररीवर अवलंबून ठेवलेले नाही, म्हणजे बीएफडीतला दोष त्याला बाधत नाही. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने खुले केलेले घिद्रा हे विश्लेषणाचे टूलही सेगमेंटवरून मेमरी मांडू शकते.

ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरक्षा संशोधक मिखाउ झालेव्स्की यांनी दाखवलेली गोष्ट तर अनेकांना अनपेक्षित होती. स्ट्रिंग्स ही कमांड फाइलमधली सलग चार किंवा जास्त छापण्याजोगी अक्षरे दाखवते, एवढेच सगळे समजत. पण तिची ग्नू प्रकल्पाची आवृत्ती आधी बीएफडीकडून फाइल ओळखून घेत असे आणि मेमरीत चढणारेच सेक्शन चाळत असे. परिणाम दोन: बाकीच्या भागातला मजकूर सुटायचा, आणि बीएफडीतल्या दोषामुळे संशयित फाइल नुसती चाळतानाही यंत्र धोक्यात यायचे. बिनयूटिल्स (स्ट्रिंग्स, ऑब्जडंप आणि रीडईएलएफ ज्यात येतात तो संच) २.२५ पासून पूर्ण फाइल चाळणे हेच मूळ वर्तन झाले. जुन्या सर्व्हरवर आजही ‘-ए’ हा पर्याय हाताने द्यावा, आणि अनोळखी फाइल नेटवर्क तोडलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्येच उघडावी.