पावलावरची चीर आणि तिचा व्रण: मागची दोनशे वर्षं

पावलाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण दोन गोष्टी हमखास विचारतो. टाके कधी निघणार, आणि व्रण किती राहणार? चेहऱ्यावरचे टाके पाचेक दिवसांत काढतात; पावलावरचे दोन ते तीन आठवडे ठेवावे लागतात. चीर कुठे घ्यायची आणि किती लांब घ्यायची, याचे ठोकताळेही शरीराच्या इतर भागांपेक्षा इथे वेगळे आहेत. ते ठरायला बराच काळ लागला. गंमत म्हणजे सुरुवात छोट्या चिरेने झाली, मधल्या काळात चिरा लांबल्या, आणि पुन्हा त्या छोट्या होत गेल्या. मात्र सुरुवातीचं कारण आणि आजचं कारण एक नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्रणाची चिंता कुणाला नव्हती. चिंता होती पुवाची. जखम म्हटली की पू होणारच, हे धरूनच चालायचे. फ्रान्समधल्या माँपेलिए इथे देलपेश या सर्जनने 1816 मध्ये जन्मतः वाकडं पाऊल, म्हणजे क्लबफूट, सरळ करण्यासाठी टाचेमागची अकिलीस कंडरा, म्हणजे पोटरीच्या स्नायूला टाचेच्या हाडाशी जोडणारी दोरी, कापली. जखम चिघळली, आणि त्याने तो प्रयोग पुन्हा केला नाही. मग 1831 मध्ये हॅनोवरच्या स्ट्रोमायरने युक्ती काढली. अरुंद पात्याची सुरी कातडीतल्या बारीक छिद्रातून आत घालायची आणि कंडरा आतल्या आत कापायची. जखमेला हवा लागली की ती बिघडते असा तेव्हाचा समज होता, म्हणून छिद्र जमेल तितकं लहान. समज चुकीचा होता, पण कृती बरोबर होती. लंडनचा डॉक्टर विल्यम जॉन लिटल याचं पाऊल लहानपणीच्या आजारपणापासून वाकडं होतं. 1836 मध्ये त्याने स्वतःवरच स्ट्रोमायरकडून ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि इंग्लंडला परतून तिचा प्रसार केला.

कापलेली कंडरा पुन्हा जुळते, हे तोवर माहीत होतं. लंडनचा सर्जन जॉन हंटर याची स्वतःची अकिलीस कंडरा 1760 च्या दशकात तुटली होती. त्याने नंतर कुत्र्यांच्या कंडरा कापून, ठरावीक दिवसांनी त्या तपासून, जुळणी कशी होते ते पाहिलं. जखमेच्या कडा एकमेकींना सरळ चिकटणं वेगळं आणि उघडी जखम तळापासून लालसर मांसाने हळूहळू भरत येणं वेगळं, ही विभागणीही त्याच्याच काळात पक्की झाली. पहिल्या प्रकारात व्रण रेषेएवढा राहतो, दुसऱ्यात रुंद आणि ओढलेला. आजही टाके घालण्यामागचा सारा खटाटोप जखम पहिल्या प्रकाराने भरावी यासाठीच असतो.

व्रण कुठे असावा याचा विचार पायाच्या बाबतीत फार स्पष्टपणे केला तो सर्जन जेम्स साइमने. 1842 मध्ये एडिंबरोत त्याने घोट्यातून पाऊल काढताना टाचेखालची कातडी राखून ठेवली आणि ती हाडाच्या टोकाखाली वळवून पुढच्या बाजूला शिवली. टाचेखालची चरबी उभ्या, चिवट पडद्यांच्या छोट्या छोट्या कप्प्यांत बसवलेली असते, त्यामुळे वजन पडलं तरी ती बाजूला सरकत नाही. शरीरात दुसरीकडे अशी कातडी मिळत नाही. साइमने भार या कातडीवर ठेवला आणि शिवण भारापासून दूर नेली. मला तरी हे तत्त्व पायाच्या शस्त्रक्रियेतल्या इतर कुठल्याही नियमापेक्षा मोलाचं वाटतं.

साइमचा जावई जोसेफ लिस्टर. 1865 मध्ये ग्लासगोत गाडीचं चाक पायावरून गेलेला अकरा वर्षांचा मुलगा त्याच्याकडे आला. हाड मोडून कातडीला जखम झाली होती. अशा पायाचं भवितव्य त्या काळी बहुधा करवतीनेच ठरायचं. लिस्टरने जखमेवर कार्बोलिक अॅसिडमध्ये भिजवलेल्या पट्ट्या ठेवल्या, आणि सुमारे सहा आठवड्यांत मुलगा बरा झाला. 1867 मध्ये लिस्टरने आपले अनुभव प्रसिद्ध केले. 1873 मध्ये जर्मन सर्जन एस्मार्खने रबरी पट्टी आवळून हातपायांतलं रक्त तात्पुरतं धडाकडे ढकलायची पद्धत दिली. भूल 1846 पासून होतीच. पुवाची भीती ओसरली, रक्ताचा अडथळा गेला, रुग्ण निपचित पडून राहू लागला. साहजिकच सर्जनांचा हात मोकळा झाला. अंगठ्याच्या मुळाशी वाढलेलं हाड कापून सरळ करण्यापासून ते क्लबफूटमधले सांधे एकेक करून उघडण्यापर्यंत सगळं लांब चिरांतून होऊ लागलं.

व्रणाचे प्रश्न खऱ्या अर्थाने इथून पुढे दिसू लागले. व्हिएन्नाच्या कार्ल लांगरने 1861 मध्ये मृतदेहांच्या कातडीला गोल टोच्याने भोकं पाडली, तर ती गोल न राहता लांबट झाली, आणि ती कुठल्या दिशेने लांबतात याचा त्याने नकाशा बनवला. कातडीच्या या ताणाच्या दिशेने चीर घेतली तर व्रण बारीक राहतो, आडवी घेतली तर पसरतो. पावलाच्या वरच्या बाजूला मात्र केवळ हा नकाशा पुरत नाही. तिथे कातडीखाली लगेचच संवेदनेच्या नसा, शिरा आणि बोटांच्या कंडरा लांबीला धावतात, म्हणून चीरही बहुतेकदा लांबीलाच घ्यावी लागते. नस दुखावली किंवा व्रणात अडकली, की बुटाच्या नुसत्या घासण्यानेही झिणझिण्या येतात. दिसायला नीटनेटका असलेला व्रण असा त्रास देऊ शकतो, आणि डॉक्टरांकडे परत येणारी तक्रार पुष्कळदा दिसण्याची नसते, याचीच असते.

तळव्यावर चीर घेऊच नये, हा नियम पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. व्रणावर उभं राहावं लागलं तर तिथे घट्टा पडेल आणि दर पावलाला दुखेल, ही भीती. ती अर्धीच खरी ठरली. बोटांच्या मागे जिथे हाडांची डोकी टेकतात त्याच जागी व्रण आला तर त्रास होतो. दोन डोक्यांच्या मधून किंवा भार न येणाऱ्या जागेतून चीर घेतली तर तळव्याची जाड कातडी छान भरते. केलॉइड, म्हणजे जखमेच्या हद्दीबाहेर वाढत जाणारा व्रण, तळव्यावर क्वचितच होतो.

व्रण म्हणजे काम संपलेली जागा, हा समज विसाव्या शतकात मोडला. त्याची चाहूल खरं तर आधीच लागली होती. 1740 च्या दशकातल्या ब्रिटिश आरमारी अधिकारी अॅन्सनच्या सागरी मोहिमेत स्कर्वी, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, झालेल्या एका खलाशाची पन्नास वर्षांपूर्वी भरलेली लढाईतली जखम पुन्हा उघडली, अशी नोंद आहे. बॉस्टनचा तरुण सर्जन जॉन क्रँडन याने सहा महिने क जीवनसत्त्व नसलेला आहार घेतला. तिसऱ्या महिन्यात पाठीवर घेतलेली चीर नीट भरली, सहाव्या महिन्यात घेतलेली आतून भरेना. जीवनसत्त्व दिल्यावर भरली. हे त्याने 1940 मध्ये मांडलं. व्रणातलं कोलॅजन, म्हणजे कातडीला ताकद देणारं प्रथिन, सतत मोडतं आणि नव्याने बनतं, आणि त्यासाठी हे जीवनसत्त्व लागतं.

1965 मध्ये लेव्हेन्सन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या जखमांची ताकद मोजली. तिसऱ्या आठवड्यात ती मूळ कातडीच्या पाव हिश्शाच्या आसपास असते, आणि पुढे कितीही वाट पाहिली तरी सुमारे 80 टक्क्यांपलीकडे जात नाही. टाके निघाले म्हणजे पाय तयार झाला, असं का समजू नये याचं उत्तर या आकड्यांत आहे. पावलाची अडचण दुहेरी: ते हृदयापासून सर्वांत लांब आणि दिवसभर सर्वांत खाली. पाय खाली सोडला की जखमेच्या कडा सुजतात, आणि ताणलेल्या कडा जुळत नाहीत. म्हणून पाय उशीवर उंच ठेवायला सांगतात. लालसर, थोडा उंच व्रण मऊ आणि फिकट व्हायला बरेच महिने, कधी वर्षाहूनही अधिक लागतं. 1980 च्या दशकापासून वापरात आलेल्या सिलिकॉन पट्ट्या जाड व्रणावर काही प्रमाणात उपयोगी पडतात. बाकी बाजारातल्या मलमांबद्दल न बोललेलंच बरं.

दिसत नाही तो व्रण अधिक महागात पडतो, हे दाखवलं हाडांचे सर्जन इग्नासिओ पोन्सेती यांनी. अमेरिकेतल्या आयोवात 1940 च्या दशकात त्यांनी क्लबफूटची मोठी शस्त्रक्रिया झालेली पावलं काही वर्षांनी तपासली. ती कडक, कमजोर आणि दुखरी होती, कारण उघडलेल्या प्रत्येक सांध्याभोवती आतून व्रण धरला होता. त्यांनी दर आठवड्याला हळुवार हाताने पाऊल वळवून प्लास्टर बदलण्याची पद्धत बसवली, आणि शेवटी गरज असेल तेव्हाच कातडीतल्या बारीक छिद्रातून अकिलीस कंडरा कापायची. म्हणजे जवळजवळ स्ट्रोमायरचीच कृती. तीन आठवडे प्लास्टर ठेवलं की तान्ह्या बाळाची कंडरा जुळून येते. 1963 मध्ये पोन्सेतींनी आपले निकाल मांडले, तरी जगाने ही पद्धत खऱ्या अर्थाने उचलली ती 1990 च्या दशकाच्या अखेरीस. तोवर कितीतरी मुलांची पावलं उघडली गेली.

मोडलेल्या टाचेच्या हाडाची गोष्टही अशीच. बाहेरच्या बाजूने इंग्रजी एल अक्षरासारखी लांब चीर घेतली की हाड छान दिसतं, पण त्या चिरेचा कोपरा काळा पडून मरण्याचं प्रमाण सर्जनांना छळत राहिलं. 1987 मध्ये टेलर आणि पामर यांनी कातडीचा कुठला तुकडा कुठल्या धमनीवर जगतो याचा नकाशा मांडला, आणि चिरा अशा तुकड्यांचा विचार करून आखल्या जाऊ लागल्या. आता अनेक सर्जन घोट्याखालून छोटी चीर घेतात. मोठी चीर घ्यायचीच असेल तर सूज उतरून कातडीला सुरकुत्या पडेपर्यंत थांबतात, मग त्याला आठवडा लागो की दोन.