सीओसीवर सही नक्की कोणाची पाहिजे?

गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर हॉर्न मारतोय आणि तेव्हा आठवतं की मालाबरोबर सीओसी म्हणजे कन्फॉर्मिटी सर्टिफिकेट (माल ऑर्डरप्रमाणेच आहे असं लिहून दिलेला कागद) लावायचं राहिलंय, मग डिस्पॅचचा पोरगा मागच्या महिन्याची फाइल उघडतो, चलन नंबर आणि तारीख बदलतो आणि स्वतःच सही ठोकतो. आमच्याकडे पण असंच चालायचं. एकदा कस्टमरच्या इनवर्डला, म्हणजे माल आत घेताना, सीओसीवर ड्रॉइंगची जुनी रिव्हिजन (आवृत्ती) सापडली आणि २०० बुश परत, भाडं दोन्हीकडचं आपल्याच माथी.

आयएसओ ९००१:२०१५ या क्वालिटीच्या स्टँडर्डच्या क्लॉज ८.६ मध्ये क्यूए (क्वालिटी) मॅनेजरचीच सही पाहिजे असं कुठेही नाहीये, माणसाबाबत म्हणाल तर माल रिलीज करायला कोणी मंजुरी दिली तो माणूस रेकॉर्डवरून सापडला पाहिजे एवढंच आहे. म्हणून मालकांनी एका कागदावर सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, नमुना सही आणि तो रजेवर असेल तर कोण, हे लिहून फाइलला लावून टाकायचं. माणूस कोण निवडायचा? माझ्या मते ज्याला लॉट (मालाची खेप) अडवायचा अधिकार आहे तोच, बाकी कोणाच्या सहीला अर्थ नाही.

पीओवर (पर्चेस ऑर्डरवर) ईएन १०२०४ या युरोपियन स्टँडर्डचं ३.१ प्रकारचं सर्टिफिकेट लिहिलंय का ते आधी बघा, हे धातूच्या मालाला लागतं. त्यात सही करणारा प्रॉडक्शनपासून वेगळा लागतो, म्हणजे शॉप सुपरवायझर बाद. ३.२ असेल तर कस्टमरचा किंवा नियमानुसार नेमलेला इन्स्पेक्टर पण सही करणार, त्याची तारीख आधीच घेऊन ठेवा. २.१ मध्ये नुसतं लिहून द्यायचं असतं, टेस्ट रिझल्ट नसतात. आणि ट्रेडर असाल तर मिलची टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) आपल्या लेटरहेडवर टाइप करायची नाही, ओरिजिनल किंवा कॉपी जशीच्या तशी पुढे द्यायची.

सहीआधी टेबलावर पीओ, चालू रिव्हिजनचं ड्रॉइंग, पीडीआय रिपोर्ट (डिस्पॅचआधीच्या तपासणीचा), मटेरियलची टीसी आणि प्लेटिंग किंवा हीट ट्रीटमेंट बाहेरून केली असेल तर त्यांचं सर्टिफिकेट. टीसीवरचा हीट नंबर (धातू ज्या वितळीतून आला तिचा नंबर) आणि मालावरच्या टॅगचा नंबर स्वतः जुळवून बघा, घोळ इथेच होतो. एखादं डायमेन्शन बाहेर असेल आणि कस्टमरने डेव्हिएशन (तेवढा फरक) मंजूर केलं असेल तर त्याचा नंबर सीओसीवर टाका, नुसतं ‘ड्रॉइंगप्रमाणे’ लिहून सही केली तर ते खोटंच झालं ना.

अजून एक, साहेबांची स्कॅन केलेली सही एक्सेलमध्ये चिकटवून ठेवली असेल तर आजच डिलीट करा, आमच्या साहेबांच्या सहीने ते गावाला गेलेले असताना दोन लॉट गेले होते.