पोढी, विहीर आणि शोषखड्डा: मुंबईच्या पावसाच्या पाण्याची पार्श्वभूमी

मुंबईत ठरावीक आकारापेक्षा मोठ्या भूखंडावर इमारत बांधायची, तर पावसाचे पाणी साठवण्याची किंवा जिरवण्याची सोय नकाशात दाखवावी लागते. नियम १ ऑक्टोबर २००२ चा. सुरुवातीला तो १,००० चौ. मी. आणि त्याहून मोठ्या भूखंडांना होता. २००७ मध्ये मर्यादा ३०० चौ. मी.वर आली, आणि २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याच्या नियमावलीने ती ५०० केली. मर्यादा वरखाली झाली, पण बहुतेक ठिकाणी सोय म्हणून झाले काय, तर पाणी जमिनीत जिरवणारा शोषखड्डा. या शहराच्या जमिनीचा पूर्वेतिहास पाहिला तर ही निवड जरा विचित्रच वाटते.

बोरिवलीच्या डोंगरात कान्हेरीला लेण्यालेण्याच्या दाराशी कातळात खोदलेली टाकी आहेत. तिथल्या शिलालेखांत त्यांना पोढी म्हटले आहे. उतारावर अरुंद चर कोरून पाणी टाक्याच्या तोंडाशी आणलेले दिसते. पाणी जिरवायचा खटाटोप तिथे कुणी केला नाही, कारण कातळ ते पिणारच नव्हता.

खाली बेटांवर भिस्त होती विहिरी-तलावांवर. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावे उरली, तलाव बुजले. १८५४ च्या पाणीटंचाईत शहराबाहेरून पाणी आणायची वेळ आली आणि विहार तलावाच्या योजनेला जोर चढला. विहार १८६० मध्ये, तुळशी १८७९ मध्ये, तानसा १८९२ मध्ये. नळ आला तशी विहीर मागे पडली, आणि तिच्यावर शेवटचा घाव घातला डासाने. हिवतापाची पाहणी करून डॉ. बेंटले यांनी १९११ मध्ये अहवाल दिला: हा रोग पसरवणारा ॲनॉफिलीस स्टिफेन्सी डास शहरातल्या विहिरींत आणि टाक्यांत वाढतो. त्यानंतर विहिरी बुजवण्याचा, झाकण्याचा सपाटा सुरू झाला. धर्मकार्यासाठी विहिरीचे पाणी लागणाऱ्यांनी विरोध केला. चर्चगेटजवळची १७२५ ची पारशांची भिखा बेहराम विहीर आजही वापरात आहे.

उरलेल्या विहिरी, पुढे आलेल्या रिंगवेल (काँक्रीटच्या कड्या रचून केलेल्या विहिरी) आणि बोअर यांचे पाणी अनेक सोसायट्यांनी फ्लशिंगच्या, म्हणजे संडासाच्या पाण्याच्या, टाकीकडे वळवले. गच्चीवर दोन टाक्या, एक पिण्याची आणि एक फ्लशिंगची, ही सोय २००२ च्या कितीतरी आधीची. नव्या नियमाने तिच्यावर स्वार व्हायला हवे होते.

त्याऐवजी खड्डे झाले. साधारण मीटर-दोन मीटर रुंद, दोन-तीन मीटर खोल. तळाला दगडगोटे, मध्ये खडी, वर जाड रेती. रचनेत चूक नाही, चूक जागेत असते. शहराखाली बहुतांशी बेसाल्ट आहे. त्याला भेगा असतील तिथेच पाणी उतरते. भरावाच्या जमिनीत भूजल वर असते आणि समुद्रालगत ते खारटही लागते. कंत्राटदार मे महिन्यात खड्ड्यात टँकर रिकामा करून दाखवतो, पाणी गडप होते, सगळे खूश. जुलैअखेर भूजल वर आले की तोच खड्डा काठोकाठ भरून राहतो आणि पाणी पार्किंगमध्ये शिरते. चाचणी घ्यायची तर भर पावसाळ्यात, झड थांबल्यावर: दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच असेल तर तो खड्डा नव्हे, हौद झाला. बांधायच्या आधीच शेजारच्या विहिरीची ऑगस्टमधली पातळी पाहिली तरी बराच खर्च वाचतो.

आता हिशेब. गच्ची ३०० चौ. मी., पाऊस हात राखून २,००० मि.मी., वाया जाणारे धरून गुणक ०.८. वर्षाला ४ लाख ८० हजार लिटर झाले. २० घरांत १०० माणसे, माणशी १३५ लिटरच्या मापाने रोज १३,५०० लिटर लागतात. म्हणजे सगळा साठा ३५ दिवसांचा, आणि एवढी टाकी कुणी बांधणार नाही. पण १३५ पैकी ४५ लिटर फ्लशिंगचे. तेवढेच धरले तर रोज ४,५०० लिटर, आणि तोच पाऊस १०६ दिवस पुरतो, म्हणजे जवळपास अख्खा पावसाळा. टाकी २०,००० लिटरची पुरते. १०० मि.मी.च्या एका दिवसात गच्चीवरून २४,००० लिटर येतात, टाकी भरते आणि साडेचार दिवसांत रिकामी होते. मधल्या उघडिपीत रिंगवेल किंवा नळ लागणारच. टाकी ओसंडली की जादा पाणी विहिरीत सोडावे, अर्थात विहीर ते घेत असेल तर.

बिघाड ठरलेले असतात. कबुतरांची विष्ठा आणि धूळ पहिल्या सरीत खाली येते, म्हणून सुरुवातीचे १ ते २ मि.मी., या गच्चीसाठी ३०० ते ६०० लिटर, बाहेर सोडायचे. त्यासाठीची झडप हाताने फिरवायची असेल तर पहाटे तीनच्या सरीला ती कोण फिरवणार? पाइपाचा उभा तुकडा आधी भरून मग पाणी पुढे जाईल अशी रचना बरी, फक्त तिच्या तळाशी बारीक निचरा हवा. गाळणीला बगलवाट नसेल तर मुसळधार पावसात गच्चीवर तळे होते. रेतीचा वरचा थर गाळाने बुजतो. मेअखेर तो खरवडून बदलावा. पावसाच्या पाण्याची वाहिनी पालिकेच्या पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीला कधीच जोडू नये, मध्ये झडप असली तरी. नळाचे पाणी टाकीत सोडायचेच असेल तर ते वरून, मोकळे अंतर ठेवून पडू द्यावे.

आणि डास अजूनही आहेच. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. झाकण घट्ट लागले आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी असली तर पालिकेच्या कीटकनाशक विभागाची नोटीस येत नाही. उघड्या विहिरीत गप्पी मासे सोडतात.