कैची आणि तुळई

दोन भिंतींवर किंवा दोन खांबांवर आडवं टाकून भार पेलायचा त्या लाकडाला तुळई म्हणतात, लोखंडाची असली की सगळे गर्डरच म्हणतात. सुटे दांडे त्रिकोणात जोडून तेच काम करून घेतलं की ती कैची, म्हणजे ट्रस. विदर्भात कवेलूच्या घरापासून जिनिंगच्या शेडपर्यंत दोन्ही दिसतात.

तुळई भाराखाली वाकते, तिचा वरचा भाग दाबला जातो न खालचा ताणला जातो, मधल्याला फारसं काम नसतं, म्हणून गर्डर इंग्रजी आय (I) आकाराचा. कैचीत भार सांध्यांवरच आला तर दांडे वाकत नाहीत, कुणी नुसता दाब घेतो कुणी नुसता ताण, आणि बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्रिकोण हलत नाही.

तुळई हा शब्द संस्कृत तुला वरून आलेला मानतात. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (साधारण सहावं शतक) घराच्या लाकडांत तुला आणि उपतुला येतात, पण त्यावरून कैचीही तेवढीच जुनी धरणं घाईचं होईल, तुला म्हणजे आडवं लाकूडच असावं. रोमच्या ट्राजन स्तंभावर डॅन्यूबवरचा लाकडी पूल कोरलाय, तो कैचीचा की कमानीचा यावर मतं वेगळी आहेत. इटलीचा वास्तुकार पॅलॅडिओ याच्या १५७० च्या ग्रंथात मात्र कैचीचे पूल स्पष्ट आहेत, तिथून धरलेलं बरं. पुढे कैचीच्या वेगवेगळ्या रचनांची पेटंटं झाली, त्या काढणाऱ्यांच्या नावानंच ओळखतात, हाव (Howe) १८४०, प्रॅट १८४४, वॉरेन १८४८. हावच्या कैचीत तिरपे दांडे दाब घेतात न उभे ताण, प्रॅटमध्ये नेमकं उलटं.

नागपूरला रेल्वे १८६७ मध्ये आली, लोखंडी गर्डर या भागात तिच्यासोबतच आले असावेत.

जुन्या सागवानी घरांत एक फरक नीट बघण्यासारखा आहे. तुळईच्या मधोमध उभं लाकूड, त्यावर आढं, दोन्हीकडे उतरते वासे, बघणारा याला लगेच कैची म्हणतो. पण ते उभं लाकूड तुळईवर नुसतं टेकलेलं असेल तर सगळा भार तुळईच्या पोटावर येतो आणि ती कैची नसते, साधी तुळईच असते. खऱ्या कैचीत मधला दांडा तुळईला दाबत नाही, वर धरतो, म्हणून खालच्या सांध्याला लोखंडी पट्टी मारून नट-बोल्टनं आवळलेली असते. पट्टी नसेल न सांध्याखाली तुळईला पोट आलं असेल तर समजून जायचं.

टिनाच्या शेडमध्ये कैच्या अँगलच्या, म्हणजे एल (L) आकाराच्या लोखंडी दांड्यांच्या असतात, वेल्डिंगच्या किंवा जुन्या असल्या तर रिव्हेटच्या. उन्हाळ्यात वावधन सुटलं की वारा छप्पर वर ओढतो, तेव्हा एरवी ताणात असणाऱ्या खालच्या दांड्यावर दाब येतो आणि बारीक अँगल आडवा वाकतो. म्हणून त्या दांड्याला शेजारच्या कैचीशी मधून मधून बांधून घेतात, आणि पत्र्याचे हूक-बोल्ट वॉशरसकट आवळतात.