गावकी (कोकण)

गावकी म्हणजे गावातल्या घरांनी एकत्र बसून गावाचा कारभार ठरवण्याची कोकणातली रीत. ती रीत चालवणाऱ्या समुदायालाही गावकीच म्हणतात. ग्रामपंचायत कायद्याने आली, तिला कचेरी आणि शिक्का आहे. गावकी त्याआधीची, आणि तिच्यामागे फक्त माणसांनी दिलेला शब्द असतो. सिंधुदुर्गाकडे देवस्थान, मानपान आणि गावाचे व्यवहार यांच्या एकत्रित मांडणीला गावऱ्हाटी म्हणतात. रत्नागिरीकडच्या वाड्यांत गावकर, म्हणजे गावाच्या मूळ घराण्यांतली माणसे, आणि मानकरी पुढे असतात.

बैठक बहुधा देवळात भरते. शिमग्याआधीची बैठक सगळ्यांत महत्त्वाची. पालखी कोणत्या वाडीत कधी जायची, सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर, किती दिवस बसायची, घरटी वर्गणी किती, हे तिथे ठरते. मागच्या वर्षाची वही उघडतात आणि घरवार जमा-बाकी मोठ्याने वाचतात. ज्याची बाकी निघते त्याला सगळ्यांदेखत उत्तर द्यावे लागते. त्याच बैठकीत वाहून गेलेला साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) पुन्हा कधी घालायचा, पाखाडीचे (दगडी पायवाटेचे) निसटलेले चिरे कोण बसवणार, हेही निघते आणि घरामागे एक माणूस कामाला येतो. मतदान सहसा होत नाही. कोणी अडून बसला तर त्याची समजूत काढतात, वेळ लागला तरी चालतो. एकमत होईपर्यंत थांबण्याची ही ताकद गावकीचा मोठा गुण आहे.

माणसांचे जमत नाही तेव्हा देवाला कौल लावतात, म्हणजे त्याचा होकार की नकार ते विचारतात. उजवा कौल म्हणजे होकार. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याची गावपळण अशा कौलानेच ठरते. काही वर्षांच्या अंतराने सगळे गाव गुरावासरांसह, कोंबड्याकुत्र्यांसह वेशीबाहेर जाते, तीन दिवस झोपड्या उभारून राहते आणि पुन्हा कौल घेऊन परतते. आपण एक गाव आहोत हे इतक्या उघडपणे दाखवणारी दुसरी प्रथा क्वचितच सापडेल. देवापुढच्या गाऱ्हाण्यातही तेच आहे. एकजण ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरुवात करतो आणि प्रत्येक मागणीला जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मागणे एकाचे असले तरी होकार सर्वांचा लागतो.

गिरण्यांच्या काळापासून गावकीचा एक पाय मुंबईत आहे. चाकरमान्यांनी गावोगावची मंडळे काढली. देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, नळयोजना यांचा पैसा पुष्कळदा तिकडून आला, आणि पैशाबरोबर मतही आले. ‘मुंबईकरांना विचारलं का?’ हा प्रश्न बैठकीत अजून येतो.

मात्र गावकी घरे मोजते, माणसे मोजत नाही. घरातर्फे कर्ता पुरुष बसतो. बाई बसत नाही, आणि कित्येक गावांत दलित वस्तीला या बैठकीत जागाच नव्हती. १९२३ साली सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेने पुढच्या वर्षी चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण प्रत्यक्षात पाणी घेता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची माणसे तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्याली. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. न्यायालयीन निकाल त्यांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडले. कोकणात ‘सार्वजनिक’ या शब्दाचा खरा अर्थ त्या ओंजळीने लावला, असे म्हणायला हवे.

एकजुटीचे बळ दोन्हीकडे चालते. अलिबागजवळ चरी परिसरातल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांविरुद्ध, १९३३ ते १९३९ संप केला, शेते पडीक ठेवली आणि उपासमार सोसली. गावे फुटली असती तर तो संप टिकला नसता. तेच बळ एका घरावर उलटले की त्याला वाळीत टाकणे म्हणतात: त्या घराशी बोलणे बंद, लग्नाकार्याला जाणे बंद, मयताला खांदा नाही. रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी वारंवार आल्या. राज्याने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि तो २०१७ पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत.

काहींना बाहेर ठेवण्याची ही अडचण कोकणापुरती नाही. शेजारच्या गोव्यात गावकारीचा, म्हणजे तिथल्या गावसंस्थेचा, जोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, परंपरेने मूळ गावकरांच्या पुरुष वंशजांना मिळत आला. स्वित्झर्लंडच्या आपेन्त्सेल इनररोडेन या प्रांतात नागरिक वर्षातून एकदा मैदानात उभे राहून हात वर करून मत देतात. तिथे बायकांना तो हक्क न्यायालयाने १९९० साली मिळवून दिला. जर्मन विचारवंत युर्गेन हाबरमास यांनी १९६२ मध्ये युरोपातल्या कॉफीगृहांतून आणि वृत्तपत्रांतून घडलेल्या लोकचर्चेचे विवेचन केले. तिथेही स्त्रिया आणि कामकरी बाहेरच राहिले, हा आक्षेप पुढे घेतला गेला. आपल्याकडे वृत्तपत्राची वाट कोकणच्याच माणसाने पाडली: देवगडजवळच्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले.

ग्रामसभेत प्रत्येक मतदार सभासद असतो आणि तिच्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. पण पुष्कळ गावांत ग्रामसभेला येणारे पुरुष आदल्या रात्री देवळात बसून आपसात ठरवून आलेले असतात. महिलांच्या सभेत बायका पाण्याचा विषय काढतात, कारण हंडा त्यांच्या डोक्यावर असतो.